पंढरीचा रुपया मुक्कामाला थांबतो का?

आषाढी जवळ आली की दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक, यंदाच्या वारीत किती कोटींची उलाढाल होणार याची. दुसरी, पंढरपूरच्या कॉरिडॉरची, म्हणजे विठ्ठल मंदिराभोवतीची बांधकामं हटवून मोकळी, रुंद जागा करण्याच्या प्रस्तावाची. पहिलीत आकडा दरवर्षी फुगतो आणि तो कुणी, कसा मोजला हे कुणी विचारत नाही. दुसरीत तीच माणसं तीच वाक्यं बोलतात. एक बाजू सांगते, काशीकडे बघा. १३ डिसेंबर २०२१ ला तिथला कॉरिडॉर खुला झाला आणि भाविकांची रीघ लागली. पंढरपुरात तसंच करा, गावाचं नशीब उजळेल. दुसरी बाजू म्हणते, आमचे वाडे पाडू नका, आमच्या देवाचा बाजार मांडू नका. मग पैसा मोठा की परंपरा, असा सामना लागतो आणि एकादशीची महापूजा झाली की पुढच्या वर्षापर्यंत सगळे गप्प.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पैसा की परंपरा, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण पंढरपुरात या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. किती माणसं येतील आणि किती कोटी खर्च करतील, हाही खरा प्रश्न नाही. आलेल्या रुपयातला किती भाग गावात थांबतो आणि किती हातांतून फिरतो, हे विचारायला हवं. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पाऊस किती मिलिमीटर पडला यावर विहिरीचं पाणी ठरत नाही, जमिनीत किती जिरलं यावर ठरतं, हे आपल्याकडच्या दुष्काळी गावांनी चर खणून, बांध घालून शिकून घेतलं. पाण्याच्या बाबतीत जे कळलं ते पैशाच्या बाबतीत आपण विसरतो, आणि ढगफुटीचा आकडा ऐकून टाळ्या वाजवतो. त्यामुळे आज ज्या पद्धतीने कॉरिडॉरची चर्चा चालली आहे, तिला माझा विरोध आहे. रस्ता रुंद करायला नाही.

आधी ही ‘उलाढाल’ काय असते ते बघू. समजा, वारकऱ्याने शंभर रुपयांची तुळशीची माळ घेतली. दुकानदाराने ती ठोक व्यापाऱ्याकडून सत्तरला घेतली होती, व्यापाऱ्याने बाहेरगावच्या कारखान्यातून पन्नासला. उलाढाल मोजणारा शंभर, सत्तर, पन्नास असे दोनशेवीस रुपये मोजतो. पंढरपुरात प्रत्यक्ष राहिले किती? व्यापारी गावचा असेल तर पन्नास, नसेल तर तीस. त्यातून गाळ्याचं भाडं जायचं, आणि गाळ्याचा मालक पुण्यात राहत असेल तर तेही गावाबाहेर. उलाढाल हे उत्पन्न नव्हे, आणि उत्पन्न झालं तरी ते गावाचंच असेल असं नाही. शिवाय नातेपुत्याचा जो शेतकरी वारीत पाचशे रुपये खर्च करतो, त्याने ते आपल्या आठवडे बाजारात खर्च केलेले नसतात. जिल्ह्याच्या हिशेबात ते पैसे नवे नाहीत, त्यांनी फक्त जागा बदलली. कोटींचे आकडे छापणाऱ्यांनी यातली एक तरी वजाबाकी कधी केली आहे का?

माझं आजोळ पंढरपूरचं. वारीच्या आठवड्यात आम्ही सगळी भावंडं माजघरात दाटीवाटीने झोपायचो, कारण ओसरी आणि पुढचा सोपा वारकऱ्यांना दिलेला असायचा. उदगीरकडचं एक कुटुंब वर्षानुवर्षं आमच्याकडेच उतरायचं. ते थोडे पैसे द्यायचे आणि एक गाठोडं तूरडाळ. आजी ती डाळ निवडून डब्यात भरायची आणि दिवाळीपर्यंत पुरवायची. आलेल्या पैशांतून घरपट्टी जायची, कौलं फिरवून घ्यायची, क्वचित एखादं लुगडं. कौलं फिरवणारा गावातलाच, लुगड्याचं दुकानही गावातलंच. मंदिराजवळच्या गल्ल्यांमधली कितीतरी घरं अशीच चार वाऱ्यांवर, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्रीवर, वर्ष काढत आली. कॉरिडॉरच्या नकाशावर ही घरं ‘दाटीवाटीची बांधकामं’ असतात. पण वारकऱ्याला परवडणारा मुक्काम, गावाने सरकारचा एक पैसा न घेता, याच घरांनी पुरवला होता. ती पाडून त्या जागी मोठी वास्तू उभारली, तर उदगीरच्या त्या कुटुंबाने उतरायचं कुठे?

गेल्या कार्तिकीच्या आधी गेले होते तेव्हा एका बाईंजवळ तासभर बसले. काशीकापडी समाजाच्या. या समाजाची कितीतरी घरं पंढरपुरात पिढ्यानपिढ्या तुळशीच्या माळा करतात. समोर तुळशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, त्या सारख्या लांबीच्या तुकड्यांत कापायच्या, घासून गोल करायच्या, भोक पाडायचं, ओवायचं. मणी फुटला की त्या नुसत्या ‘च्’ करायच्या आणि दुसरा उचलायच्या. अंगठ्याच्या पेराला काळा घट्टा पडलेला. एकशेआठ मण्यांची माळ ओवून झाल्यावर त्यांनी शेजारच्या दुकानातली एक माळ मागवून माझ्या हातात दिली. गुळगुळीत, एकसारखी, यंत्रावरची. “ही मथुरेची. माझ्यापेक्षा निम्म्या पैशात पडते त्यांना. गिऱ्हाइकाला काय कळणार?” रागाने नाही बोलल्या, कापडावरचा भुसा झटकता झटकता बोलल्या. दोन्ही माळा पंढरपुरात विकल्या जातात, दोन्ही ‘वारीची उलाढाल’ वाढवतात. एका माळेचा जवळजवळ सगळा रुपया दोन गल्ल्यांच्या आत राहतो, दुसरीचा बराचसा ट्रकमध्ये बसून परत जातो. हा फरक दाखवणारा रकाना कुठल्याच अहवालात मी पाहिलेला नाही.

आता ‘देवाचा बाजार मांडू नका’ म्हणणाऱ्यांशी बोलते, कारण त्यांचं म्हणणंही मला पटत नाही. यात्रा हा बाजारच होता. कार्तिकीला वाखरीला जनावरांचा बाजार भरतो आणि खिलार बैलांची पारख करायला माणसं दुरून येतात. विठ्ठलाच्या दर्शनाला आलेला शेतकरी बैलजोडी घेऊन परत जायचा आणि यात कुणाला विटाळ वाटला नाही. टाळ, मृदंग, वीणा, घोंगडी, कुंकू, बुक्का, चुरमुरे हे सगळे धंदे वारीने उभे केले. चुरमुऱ्याचा भात बाहेरून येतो, पण भट्टी गावातली आणि भाजणारे हात गावातले. वारकरी संप्रदायाचे संत तरी कोण होते? गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय. हातात काम असलेल्या माणसांचा हा पंथ, कामाचं मोल मागण्याला त्याने पाप म्हटलं नाही. आज आपण ज्या शिस्तीची पालखी पाहतो ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली, आणि त्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे लागले, तंबू लागले, नैवेद्याची सोय लागली. भक्तीला पैशाचं पाठबळ तेव्हाही लागत होतं. तो पैसा कसा येत होता हे बघा. आळंदीहून निघालेली पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत जाते. वाटेत शेंगदाणे विकणारी, चप्पल शिवणारा, फोनचं चार्जिंग करून देणारा पोरगा, टँकरवाला, भजनी मंडळाचे पखवाज ओढून देणारा, सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं पडत जातं. वारीचा पैसा सव्वादोनशे किलोमीटरच्या वाटेवर रिमझिम पडतो. म्हणून तो जिरतो.

मग माझ्या विरोधातला सगळ्यात जड मुद्दा. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. जवळपास तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, चिंचोळी वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना दुकानं. मग दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. त्याआधी २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद गल्लीत ३९ भाविकांचा जीव गेला होता. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना ‘गल्लीचं सौंदर्य’ ऐकवू नये. पंढरपूरची वस्ती लाखाच्या आतबाहेर, आणि आषाढीला तिच्या कितीतरी पट माणसं येतात. दर्शनबारीत बारा-पंधरा तास उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला उद्या काही झालं, रुग्णवाहिका आत शिरली नाही, तर वाड्याच्या लाकडी खांबांवरचं कोरीवकाम तिच्या मुलाला काय कामाचं? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अडलेली वाट मोकळी झालीच पाहिजे, त्यासाठी काही बांधकामं जावी लागली तर जावीत, आणि त्यात माझ्या आजोळच्या घराचा सोपा असला तरी.

पण मांढरदेवीने शिकवलं काय? बाहेर पडायच्या वाटेवर दुकान नको, दुकानात टाकी नको, येणारी आणि जाणारी रांग एकमेकींना भिडायला नको. दुकानदार गावातून नाहीसा झाला पाहिजे, असं काही मांढरदेवीने शिकवलेलं नाही. सुरक्षेसाठी लागते मोकळी वाट, आणि प्रस्तावांमध्ये मागितली जाते विस्तीर्ण जागा. या दोन वेगळ्या मागण्या आहेत. शिवाय पंढरपूर आणि काशी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो वारकऱ्याला विचारला तर तो लगेच सांगेल. आषाढीला आलेल्यांपैकी असंख्य लोक पदस्पर्शाच्या रांगेत उभेच राहत नाहीत. ते चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीचं आणि कळसाचं दर्शन घेतात, नगरप्रदक्षिणा करतात आणि एकादशी सोडून गावी परततात. प्रदक्षिणेचा रस्ता, म्हणजे गाव, हाच त्यांच्या पूजेचा भाग आहे. मग पहिला रुपया कुठे खर्च व्हायला हवा? प्रदक्षिणा मार्गावर, घाटांवर, शौचालयांवर, चंद्रभागेच्या वाळवंटातल्या पाण्याच्या सोयीवर. मंदिरासमोर भव्य चौक करून गर्दी एकाच जागी ओढून घेणं ही सुरक्षेची उलटी दिशा आहे.

दुसरा मुद्दाही कडवट आहे, आणि गाव वाचवा म्हणणाऱ्यांनी तो गिळायला शिकलं पाहिजे. ‘स्थानिक’ म्हणजे कोण? याच गावात साने गुरुजींना १९४७ मध्ये दलितांच्या मंदिर प्रवेशासाठी उपोषण करावं लागलं. याच मंदिराच्या उत्पन्नावरचे बडवे-उत्पातांचे, म्हणजे वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क संपवायला १९७३ चा कायदा करावा लागला, आणि तो निकाली निघायला २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. तेही स्थानिकच होते. वारीनंतर घाट आणि वाळवंट ज्यांनी साफ केलं, हाताने मैला उचलला, तेही स्थानिकच, आणि त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. त्या रेट्याने शौचालयं झाली, पासष्ट एकराच्या मैदानावर वारकऱ्यांची सोय झाली, वाळवंटातल्या तंबूंना लगाम बसला. एका वारीत एका घरमालकाने माझ्या आईकडून नुसतं न्हाणीघर वापरायचे घेतलेले पैसे मी अजून विसरले नाही. रस्त्यावर तिप्पट दराने पाणी विकणारा ‘आमच्या परंपरेचा’ कैवारी होऊन माइकवर बोलतो तेव्हा मला संकोच वाटतो. गावाबाहेरचा भांडवलदार वाईट आणि गावातला जमीनदार चांगला, असं समीकरण मला मान्य नाही.

पण म्हणूनच तर हिशेब बारकाईने हवा. पाडकाम झालं की घरमालकाला मोबदला मिळतो. जास्तच मिळाला तर तो पुण्यात फ्लॅट घेतो, आणि त्यात वाईट काही नाही. त्याच्या ओट्यावर बसून वीस वर्षं हळदकुंकू विकणारीचं काय? त्याच्या गाळ्यात भाड्याने असणाऱ्याचं? गाळ्यात पगारावर असणाऱ्या पोराचं? हमालाचं? कॉरिडॉरचं समर्थन करणाऱ्यांना वाटतं मोबदला दिला म्हणजे प्रश्न मिटला. विरोध करणारेही मोबदल्याच्याच दरावर भांडतात. दोघांच्याही बोलण्यात ज्यांच्या नावावर उतारा नाही ती माणसं येत नाहीत. कायद्यात मात्र ती आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ ठरवताना मालकीची अट घातलेली नाही. त्या जागेवर तीन वर्षं ज्यांची उपजीविका अवलंबून आहे अशी भाडेकरू, कारागीर, मजूर कुटुंबंही त्यात येतात. जागा वाटाघाटीने थेट विकत घेतल्या तर या लोकांची नोंदच होणार नाही, अशी माझी भीती आहे, कारण वाटाघाट होते ती मालकाशी. काशीत शेकडो मालमत्ता बोलणी करूनच घेतल्या गेल्या. २०१४ चा पथविक्रेता कायदा तर आणखी पुढे जातो. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले, तो वारसा बाजार समजावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. वारसा हा शब्द आपण दगडासाठी राखून ठेवला. देशाच्या संसदेने तो टोपलीलाही दिला आहे. महाद्वारातला बुक्क्याचा बाजार वारसा नाही, तर मग कुठला आहे?

यावर सांगितलं जातं की वर्षातले वीस-पंचवीस दिवस धंदा आणि उरलेले तीनशे चाळीस दिवस माशा मारायच्या, असं किती दिवस चालवणार? हा तिसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. २०२० आणि २०२१ च्या आषाढीला पंढरपुरात संचारबंदी होती, पादुका एसटीने आल्या. ओसरीवरचं भाडं नाही, बुक्क्याची पुडी नाही. ज्यांचं वर्ष चार वाऱ्यांवर उभं होतं, त्यांची दोन वर्षं तशीच गेली. एकाच खांबावर घर बांधू नये हे तेव्हा सगळ्यांना कळलं. तरुण मुलं पुण्याला जातात, चाकणला जातात, आणि त्यांना ‘परंपरा राखायला इथेच थांबा’ असं सांगण्याचा मला काय अधिकार? बारमाही गिऱ्हाईक हवं, ही मागणी गावाचीच आहे.

मात्र बारमाही गिऱ्हाईक म्हणून जो डोळ्यांसमोर आणला जातो तो गाडीने येणारा, एका दुपारी दर्शन उरकून संध्याकाळी सोलापूरला किंवा अक्कलकोटला मुक्काम करणारा. समजा, तो थांबला आणि त्याने दोन हजारांची खोली घेतली. शंभर वारकऱ्यांनी वीस-वीस रुपयांचा बुक्का घेतला तरी होतात दोन हजारच. बेरीज सारखी, पण पहिले दोन हजार एका हॉटेलच्या खात्यात जातात, आणि हॉटेल मोठ्या साखळीचं असेल तर संध्याकाळपर्यंत शहराबाहेरही जातात. दुसरे दोन हजार रुपये दहा पथाऱ्यांवर पडतात. मी हॉटेलच्या विरोधात नाही. हॉटेलला भाजी, दूध, धोबी, झाडूवाला लागतो. पण हे सगळं हॉटेल कुठून घेणार याची अट परवानगी देतानाच घालता येते. नंतर नाही.

अशी अट घालता येते याचं उदाहरण आपल्याच राज्यात, साताऱ्याजवळ आहे. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक नैसर्गिक वारसा ठरला आणि कासच्या पठाराचा त्यात समावेश झाला. फुलांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागू लागली, माणसं फुलांवर बसून फोटो काढू लागली. मग कास, एकीव, आटाळी, कासाणी या आसपासच्या गावांच्या वन समित्यांनी कारभार हातात घेतला. प्रवेशशुल्क लावलं, रोजची संख्या तीन हजारांवर बांधली, आगाऊ नोंदणी आली, आणि गावातल्याच मुलामुलींना वाट दाखवायला, गाड्या लावायला, पहारा द्यायला कामाला लावलं. माणसं मर्यादित झाली, पण तिकिटाचा पैसा गावच्या हातात आला. सगळं सुरळीत झालं असं नाही. तिथे जाळीचं कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, आणि त्यामुळे फुलंच कमी झाल्याची तक्रार आली. पुढे कुंपण काढावं लागलं. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्या गुरांपासून पठार वाचवायचं ठरवलं होतं, त्यांच्याच चरण्याने ते फुलत आलं होतं. पंढरपुरातली ‘अतिक्रमणं’ हटवण्याआधी, त्यातली कुठली खरंच अडथळा आहेत आणि कुठली गावाला जिवंत ठेवत आहेत, हे तपासायला नको?

एका साध्या नियमाने काय होतं हे शिर्डीत दिसलं. करोनानंतर मंदिरात फुलं-हार न्यायला बंदी राहिली. कारण देता येण्यासारखं होतं, हारांच्या नावाखाली भाविकांची लूटही होत होती. पण दुकानदारांच्या बरोबरीने रस्त्यावर उतरले ते आसपासच्या गावांतले फूलशेतकरी. दारात हार नाही म्हटल्यावर वावरातला गुलाब कुणी घ्यायचा? प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ठरलेल्या दरात, देखरेखीखाली विक्री करायला परवानगी मिळाली. हे आधीच सुचलं असतं तर? लूट थांबवायची आणि शेतकऱ्यालाही वाचवायचं, या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत बसल्या. फक्त नियम करताना दारापासून वावरापर्यंत नजर टाकायला हवी होती.

म्हणून माझी मागणी अगदी रोकडी आहे. पहिली वीट काढण्याआधी मंदिर परिसरात कोण, कशावर पोट भरतं याची नावानिशी यादी गावासमोर वाचून दाखवा. घरमालकांची नव्हे, त्यांच्या ओट्यावरच्या, गाळ्यातल्या, हातगाडीवरच्या माणसांची. नवे गाळे होतील तेव्हा लिलाव करू नका. लिलावात जिंकतो तो जास्त पैसेवाला, आणि मथुरेच्या माळा त्यालाच स्वस्त पडतात. यादीतल्या माणसांना आधी, ठरल्या भाड्यात, विकता न येणाऱ्या हक्काने गाळे द्या. पोटभाडेकरू ठेवला तर गाळा परत घ्या, कारण गावातली लबाडीही मला माहीत आहे. मंदिर समिती वर्षभर फुलं, प्रसादाचा माल, माळा, कापड खरेदी करते. त्यातला ठरावीक वाटा तालुक्यातल्या बचत गटांकडून आणि कारागिरांकडून घ्यायचं बंधन घाला. हे बारमाही गिऱ्हाईक आजही गावातच आहे, त्यासाठी एकही भिंत पाडावी लागत नाही. आणि हाताने केलेल्या पंढरपुरी माळेवर ओळखीची खूण द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल. येवल्याच्या पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक ओळख मिळते, तर तुळशीच्या माळेसाठी निदान अर्ज तरी करता येईल.

हे पंढरपुरापुरतंच नाही. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी स्थापत्याच्या यादीत बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, रायगड, राजगड, पन्हाळा, विजयदुर्ग, तमिळनाडूतली जिंजीसुद्धा. आनंद झाला, मलाही झाला. पण पन्हाळा हा माणसं राहत असलेला गड आहे, तिथे नगरपरिषद आहे, आणि आपल्या घराची डागडुजी करता येईल का ही तिथल्या लोकांची धास्ती बातम्यांत दोन ओळींत उरकली गेली. राजगडावर हंडाभर ताक डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईचा गडाशी संबंध पर्यटकापेक्षा जुना आहे. उद्या पायथ्याला वातानुकूलित उपाहारगृह झालं तर तिच्या हंड्याला जागा कुठे, हे आराखड्यात आत्ताच लिहून ठेवता येतं.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि वारी संपते. पालख्या परतीला लागतात, रस्त्यांवर चिखल, केळीची सालं, फुटलेले कागदी पेले. त्या माळा करणाऱ्या बाईंना मी विचारलं होतं, काला झाल्यावर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, “नोटा मोजते.” दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या, ओल्या झालेल्या भिंतीला चिकटवून वाळवायच्या. मग दोरावाल्याची उधारी, समोरच. किराणा, कोपऱ्यावर. पोराची फी, नदीकडच्या शाळेत. डॉक्टरांचे राहिलेले दोनशे. “रिक्षा लागत नाही,” त्या म्हणाल्या, “सगळं चालत फिटतं.”